भोंग्याला एक गोळी

५ मार्च १९७४, मंगळवार. मुदत संपलेल्या बाटल्या फळीवरून काढत होते. नवरा वारल्यापासून भवानी पेठेतलं औषधाचं दुकान मीच चालवत होते; परवानाही माझ्याच नावाचा.

त्या आठवड्यात फार्मसी कॉलेजचे एक प्राध्यापक दुकानात येऊन बसायचे. दुकानदार गिऱ्हाइकाशी नीट बोलला तर औषध नीट घेतलं जातं का, हे त्यांना तपासायचं होतं. मी फक्त विचारायचं, "घरी हे कसं घेता?"

"सर, तोंडानंच घेतात," मी म्हटलं. ते हसले, पण हटले नाहीत.

तेवढ्यात नेहमीचा एक विणकर आला. तेलुगू घरातला, गिरणीत कामाला. बायकोच्या दुखण्याच्या गोळ्या परत हव्या होत्या. मी विचारलं.

"डॉक्टर सांगितले तसंच की, अक्का. पाळी सुरू झाली की एक."

"मग इतक्यात संपल्या कशा?"

"संपणारच की! गिरणीचा भोंगा झाला, गोळी दिलो. तिन्ही पाळ्यांना. रातपाळीच्या भोंग्याला पण उठवतो तिला. एकदा चुकलो नाही."

प्राध्यापक खुर्चीतून उठून उभे राहिले. डॉक्टरांनी सांगितली होती ती बायकांची पाळी, महिन्यातले मोजके दिवस. याला मराठीतली एकच पाळी ठाऊक, गिरणीची. आणि ती गोळी अशी, की उपाशीपोटी रोज घेतली तर आतडी जाळते.

"कशी आहे ती?"

"चक्कर येते म्हणते. शौचाला डांबरासारखं काळं होतं. उष्णता असंल."

दुकान तसंच टाकून त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले. बायको विड्या वळत बसली होती, ओठ पांढरेफटक.

"चहा कर म्हटलं तर उठत नाही हा माणूस," ती मला म्हणाली, "गोळी द्यायला बरोबर उठतो." हसली, आणि भिंतीला टेकली ती उठेनाच.

टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेली. पोटात रक्तस्राव होता. रक्त चढवावं लागणार होतं.

"मीच दिलो की, अक्का. माझ्या हातानं," तो सारखं तेच म्हणत होता. "आता रक्त द्यायला चल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी तिला पाहून आले. स्राव थांबला होता, ती पाणी मागत होती. तिथून थेट त्या गोळ्यांची चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. बाकावर पुरुष बसले होते. त्यांच्यादेखतच विचारलं, "डॉक्टर, बायकांच्या मासिक पाळीच्या गोळ्या आणखी कुठल्या गिरणीवाल्यांच्या हाती दिल्यात?"

बाकावरच्यांनी माना खाली घातल्या. डॉक्टर आधी चिडले. मग मी कालचं सगळं सांगितलं, तसे खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ आठवून त्यांनी तीन घरं सांगितली. दुकान न उघडताच मी पहिल्या घराकडे निघाले.