गप्प बसायचा तास

सौदीतल्या अल-खोबरच्या एका भारतीय शाळेत तिसरीच्या मुलींना गणित शिकवणाऱ्या शरफुन्निसाचा आवाज तीन मजले ऐकू जातो. वरच्या मजल्यावरचा इंग्रजीचा वर्ग त्यामुळे पाढ्यांत बराच पुढे गेला आहे. बाई मूळची दाभोळची. खाडीपलीकडच्या माणसाशी अलीकडच्या काठावरूनच बोलायची घराण्याची सवय. अशा बाईनं सुट्टीत इंटरनेटवर जपानी शाळांमधले तास पाहिले आणि जाहीर केलं, की यापुढे ती वर्गात गप्प बसणार.

जपानी शिक्षक म्हणे एकच प्रश्न देतो आणि थांबतो. चुकलेलं उत्तरही फळ्यावर मानानं मांडतो आणि विचारतो, "तुला असं का वाटलं?" बाकीचे शिक्षक मागे बसून मुलांकडे बघत राहतात, तोंड न उघडता. याला 'जुग्यो केन्क्यू' म्हणतात. तिचा नवरा कादिर 'जुगाड केंद्र' म्हणतो.

पर्यवेक्षिका विभावरी मॅडम पुण्याच्या. त्यांनी एक तास मंजूर केला. "जमलं तर वर्षभर असंच शिकवा. नाही जमलं तर खलास, मुलींनी पुन्हा फळ्यावरचं उतरवून घ्यायचं." शरफुन्निसाला आनंदानं झोप लागेना. शिकवण्याची तयारी होती. न बोलण्याची नव्हती.

ती तयारी कादिरनं न्याहारीला करून घेतली. तो मुद्दाम चुकीचं बोलणार, तिनं चूक सुधारायची नाही.

"दापोली रायगडात आहे," तो घावन मोडत म्हणाला.

"अरे, डोकं फिरलंय का तुझं!"

"बोललीस! हरलीस!"

दुसऱ्या दिवशी त्यानं कोकम मुळाला लागतं असं सांगितलं. शरफुन्निसा लाल झाली, अर्धं घावन तोंडात कोंबलं आणि त्याच्याआडून म्हणाली, "तुला असं का वाटलं?"

"यल्ला, चल," कादिर म्हणाला. "तयार झालीस."

तासाला तिनं खजुराचा खोका टेबलावर ठेवला. आत किती खजूर, ते वर अरबी आकड्यांत छापलेलं. तिघींना सारखे वाटायचे. एवढं सांगून ती थांबली. मागे विभावरी मॅडम आणि चार शिक्षिका.

"पाँच-पाँच!" वर्ग ओरडला. रेवा मात्र म्हणाली, "तीन-तीन. एक उरतो." रेवा नुकतीच नाशिकहून आलेली. वर्ग खो खो हसला. सगळ्यांत मोठ्यानं पहिल्या बाकावरची अरवा.

शरफुन्निसानं ओठ आवळले, रेवाचं उत्तर फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "तुला असं का वाटलं?"

रेवानं खोक्यावरची उभी रेघ दाखवली, शेजारचा गोल दाखवला. "एक. शून्य. दहा." मग फळ्यावर दहा ठिपके काढून तीन वाटे केले.

"अहो, पंधरा आहेत ते!" मागून विभावरी मॅडम अर्ध्या उठल्या. शरफुन्निसानं मान न वळवता ओठांवर बोट ठेवलं. शाळेच्या इतिहासात पर्यवेक्षिकेला कोणी असं गप्प केलं नव्हतं. मॅडम बसल्या.

अरवाचं हसू तेवढ्यात थांबलं होतं. ती फळ्याकडे बघत होती. "मिस, इसका भी सही है! दस होंगे तो एक बचेगा ही." मग रेवाकडे वळून, "लेकिन ये गोल ज़ीरो नहीं, खम्सा है. पाँच."

"पाच असा? मग शून्य कसं काढता?"

अरवानं खडूनं एक ठिपका दिला.

रेवानं तो नीट पाहिला. "हा तर आमचा अनुस्वार!"

वर्गात एकच गलका झाला. कोणी वहीवर एकापुढे दोन अनुस्वार देऊन शंभर करू लागलं, कोणी रेवाला आपली इयत्ता अरबीत लिहून दाखवू लागलं. रेवानं आता खोक्यातले खजूरच वाटले, पाच-पाच. शरफुन्निसा खडू मुठीत घट्ट धरून उभी होती. तो मोडला, पण ती बोलली नाही.

तासानंतर शिक्षकांच्या खोलीत विभावरी मॅडमनी चहा ढवळत विचारलं,

"मी मध्ये बोलले, त्याचं काय?"

"होतं तसं, मॅडम. शुक्रवारी न्याहारीला या आमच्याकडे. कादिर सराव करून घेतो."

"येते. आणि तिसरीला वर्षभर हेच चालू द्या."

हा निर्णय वरच्या मजल्यावरच्या इंग्रजीच्या वर्गाला त्याच क्षणी कळला.