बाबांच्या रक्ताची नळी

त्या वर्षांत विहिरी आटल्या आणि जो तो आपली विहीर आणखी खोल करायच्या मागे लागला. माझे बाबा ते काम करत. वर ट्रॅक्टरचा कंप्रेसर, खाली तळाशी छातीला टेकवून धरलेली दगड फोडायची मशीन. बारा वर्षं. थंडीत त्यांची बोटं चुन्यासारखी पांढरी पडत. विळा लागला तरी कळत नसे.

मी आमच्या घरातली पहिली बी.एस्सी. अमरावतीला लॅबमध्ये रक्त काढायची. एक डॉक्टर मशीनवाल्यांच्या हातांचा अभ्यास करत होते. बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या की रक्तात कोणते पदार्थ वाढतात, ते त्यांना पाहायचं होतं. ज्याचा हात मशीननं कामातून गेला असं ठरेल त्याला ते चिठ्ठी देणार होते, आणि चिठ्ठीवर मुकादम विहिरीबाहेरचं काम द्यायला कबूल झाला होता. बाबांना वर काढायचा दुसरा मार्ग नव्हता.

“रक्त काढायच्या आदल्या दिवशी हाताला आराम द्या,” बाबांचं काम चालू होतं त्या अकोल्याजवळच्या गावात मी स्वतः जाऊन सगळ्या मशीनवाल्यांना बजावलं.

ठरल्या दिवशी सकाळी रक्त काढायला पोचले तर टिनाच्या शेडमागून सपसप आवाज. बाबांनी दोन्ही हात दगडावर पसरले होते आणि त्यांचा जोडीदार कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या काड्यांची जुडी त्यांवर हाणत होता. कातडी फाटली होती. बाकीचे आपापले हात सुजवून बसले होते. थंडीत मशीन धरण्याआधी ही माणसं असंच करत.

“काहून मारून राहिले, काका?”

“रगत आणून राहिलो बोटाईत. कोरड्या हातातून काय काढशीन तू?”

“रक्त दंडातून काढतात! आराम द्या म्हटलं होतं ना?”

“देल्ला ना, माय,” बाबा म्हणाले. “कालपासून मशीनले हात नाई लावला. पाह्य, कसे लाल केले!”

मार लागला तरी तेच पदार्थ वाढतात. मशीननं केलेलं कोणतं आणि काडीनं केलेलं कोणतं, हे नळी कशी सांगणार? मी रक्त काढलं आणि फॉर्मवर लिहिलं : आधी हातांवर मार.

“लिवू नको, चिठ्ठी नाई भेटणार. थे पान फाड,” बाबा म्हणाले.

“फाडणार नाही. सगळ्यांचं लिहिणार.”

बाबांची थापड बसली. मी पत्र्यावर आदळले, कड गालात घुसली, दात तुटून जिभेवर आला. जोडीदारानं बाबांना मागून आवळलं.

“काहून धरतं बे? हळूच त मारली!”

मी रक्त थुंकले. त्यांनी ते पाहिलं, मग स्वतःचा तळवा पाहिला. त्यांना खरंच कळलं नव्हतं. तोच हात त्यांनी दगडावर आपटला. पुन्हा आपटला. “कायच नाई लागत! कायच नाई!” जोडीदार त्या हातावर बसला तेव्हा ते थांबले.

डॉक्टरांनी सगळ्या नळ्या बाद केल्या. पुढची तारीख महिन्यानंतरची. मी लिहिलं ते बरोबरच होतं, आजही म्हणते.

“चिठ्ठी नाई त वरचं काम नाई,” मुकादम म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाबा सुजलेल्या हातांनी खाली उतरले.