मधला फण

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. पहूरजवळच्या आमच्या गावातली इंजिनिअर झालेली पहिली मुलगीही मीच, हे मी कुणी न विचारता सांगते. जळगावच्या एमआयडीसीत शेतीची अवजारं करणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंगला लागले, ती सहा महिन्यांच्या बोलीवर. काम पटलं तर कायम, नाहीतर घरी.

ट्रॅक्टरला जोडायचं पाच फणांचं पेरणीयंत्र हे माझं पहिलं मोठं काम. कॉम्प्युटरवर रेघ आधी अंदाजे ओढायची. ती निळी दिसते, म्हणजे अजून मोकळी, कुठेही सरकेल. मग तिला माप द्यायचं, बंधनं घालायची: ही आडवीच राहील, ही तिच्याएवढीच. सगळं पक्कं झालं की रेघा काळ्या होतात. सात फुटी आडव्या पाईपच्या डाव्या टोकापासून सहा इंचांवर मी पहिला फण धरला, पुढचे चारही गाळे, म्हणजे फणांमधली अंतरं, सारखे बांधले आणि माप एकालाच दिलं, अठरा इंच. एक आकडा बदलला की चारही बदलणार! मला फार ऐट वाटली.

पाचव्या महिन्यात साक्रीकडच्या एका शेतकऱ्याला पंधरा इंची यंत्र हवं होतं. मी अठराचे पंधरा केले. रेघा काळ्याच राहिल्या. कागद छापून खाली वर्कशॉपमध्ये पाठवला.

दोन दिवसांनी खाली आरडाओरडा ऐकू आला म्हणून गेले. यंत्र ट्रॅक्टरला जोडलेलं, आणि कारखान्याचे मालक, शेठ, आमच्या जुन्या फिटरवर, नानांवर, घसरले होते.

"नाना, पाईपला भोकं डोळे मिटून पाडली का? सगळे फण एका अंगाला!"

नानांनी पाईपएवढी सुतळी मापली, दुमडून निम्मी केली आणि मध्यावर खडूची खूण केली. खूण ट्रॅक्टरच्या हुकाच्या अगदी रेषेत. मधला फण तिथून सहा इंच डावीकडे. मग त्यांनी खिशातून माझा कागद काढला आणि फक्त मला दाखवला.

"मॅडम, कागदवर जसं शे तसंच करेल शे मी."

मला कळलं. डावं टोक मीच धरून ठेवलं होतं. गाळे आखडले आणि उरलेली सगळी जागा उजवीकडे गेली. आमच्या गावचा सुतार तिफणीच्या लाकडावर आधी मध्य काढतो, मग दोन्हीकडे सारखं मोजतो. लहानपणापासून पाहत आलेय. कॉलेजात गेल्यावर कडेपासून मोजायची सवय लागली, एवढंच.

शेठ नानांनाच बोलत होते. मी गप्प बसले असते तर नानांनीही सांगितलं नसतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. आणि मला कायम व्हायला एकच महिना उरला होता.

"शेठ, चूक माझी आहे. भोकं बरोबर पडलीत, ड्रॉइंग चुकलंय."

"कॉलेजात हेच शिकवतात का?"

"नाही. मध्यापासून मोजायला गावात शिकवतात," मी म्हणाले. नाना खाली बघून हसले. शेठ नाही हसले.

त्याच दुपारी मध्यरेषा घालून, दोन्ही बाजू तिच्याशी बांधून मी नवीन ड्रॉइंग केलं. शेठ शेजारी उभे राहिले आणि त्यांनी स्वतः तेरा आकडा टाकून पाहिला. फण दोन्हीकडून सारखे आत आले.

महिन्याने मला कायम केलं, पण एका अटीवर: पाईप कापण्याआधी प्रत्येक ड्रॉइंग नानांना दाखवायचं. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाने माझं ड्रॉइंग तपासायचं! राग आला होता. अजूनही थोडा येतो. पण कागद घेऊन खाली जाते.