म्हशाच्या जत्रेतला फोटो

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर रंजिताचा फोटो लागला आणि सुदामचं अन्नावरचं लक्षच उडालं.

दारापेक्षा मोठा फ्लेक्स. त्यावर गळ्यात हार घालून हसणारी रंजिता, आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘वसुलीची रणरागिणी’. हा उद्योग पतसंस्थेचे मॅनेजर अनिल साहेब यांचा. साल मंदीचं होतं. कारखान्यांनी पाळ्या कमी केल्या होत्या, लोकांच्या मोटारसायकलींचे हप्ते थकले होते आणि दारोदार फिरून रिकाम्या हातांनी परतणारी वसुलीची माणसं पार खचली होती. पगार वाढवायची संस्थेची ऐपत नव्हती. मग साहेबांनी ठरवलं, महिन्यात जो पहिला येईल त्याचा फोटो चौकात लावायचा.

सुदाम या कामात नव्वद सालानंतर लागला तो तिथेच मुरला. शहापूरपासून मुरबाडपर्यंत त्याने चहा घेतला नाही असं गाव सापडणं कठीण. आणि ही कालची पोरगी! स्टँडवर तो मुद्दाम फ्लेक्सकडे पाठ करून उभा राही. बायको प्रेमा एकदा म्हणाली, "फोटू मात्र झ्याक आलाय हां तिचा." त्याने ताट सारलं आणि उठला.

पुढच्या महिन्यात रंजिताची वसुली एकदम घसरली. "डोक्यात हवा गेली," सुदाम चारचौघांत म्हणाला. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

आता तो इरेला पेटला. त्याची स्वतःची एक रीत होती. वसुलीवाला म्हणून तो कुणाच्या दारात कधी गेलाच नाही. ओट्यावर बसायचं, बैलाच्या दुखऱ्या पायाची चौकशी करायची, कोरा चहा घ्यायचा. शेजाऱ्यांना वाटे, यांच्याकडे पाहुणा आलाय. घरच्यांची अब्रू झाकलेली राही, म्हणून तो उठता उठता घरातून थोडेफार पैसे बाहेर येत. धसईजवळच्या धोंडीबाईच्या मुलाची कारखान्यातली नोकरी सुटली होती. तरी सुदामला बघितलं की म्हातारी घोंगडी अंथरी आणि शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणे, "माजा भाचा आला गो!"

या रीतीने घाम गाळून तो पहिला आला. साहेबांनी त्याचा फ्लेक्स लावला तो थेट म्हसा गावच्या जत्रेत, बैलबाजाराच्या तोंडाशी. ‘वसुलीचा वाघ’ सुदाम! अख्खा तालुका त्याच्याखालून गेला. सुदामने इस्त्रीचा शर्ट घालून उगाचच तिथून फेऱ्या मारल्या. रंजिता आली, फोटोकडे बघत राहिली, त्याच्याकडे वळून काहीतरी बोलायला गेली आणि गप्प झाली. जळतेय, असं त्याला वाटलं आणि फार बरं वाटलं.

जत्रा उठल्यावर तो धोंडीबाईकडे निघाला. आळीच्या तोंडाशीच पोरं ओरडली, "वसुलीचा वाघ आला!" बाया दारात आल्या. धोंडीबाईच्या दाराला आतून कडी लागली.

"धोंडे, तुजा भाचा आलाय गो!" शेजारीण हसत ओरडली.

"मावशे, मी सुदाम," तो दाराशी तोंड नेऊन म्हणाला.

आतून धोंडीबाईचाच आवाज आला, "घरात कोनी नाय."

पुढच्या गावात तेच. त्याच्या पुढच्या गावातही तेच. ज्या ओट्यांवर तो वर्षानुवर्षं बसला होता, तिथे आता त्याला पाणीही कुणी विचारेना. महिना संपला तेव्हा सुदाम सगळ्यांच्या मागे होता.

स्टँडवर रंजिता भेटली. त्याने न राहवून विचारलं, "तुजा फोटू लागला तवा तुलाबी अशीच दारं लागली?"

"लागली ना, दादा."

"मंग मला बोलली का नाय? तिथंच जत्रेत बोलायचं. फोटू उतरवून घेतला असता मी."

रंजिताने खांद्यावरची पिशवी सावरली. "तोंडावर आलं होतं. पन बोलले असते तर तुमी म्हनला असतात, जळते."

सुदामने मान खाली घातली. तो नक्की तसंच म्हणाला असता.