भाऊंचं बंदुकांचं रजिस्टर

पोटात गोष्ट ठेवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमचे शेजारी, तहसील कचेरीतले बंदूक-परवान्यांचे कारकून. सगळे त्यांना भाऊ म्हणत. पहिल्या निवडणुकीनंतरचे ते दिवस, जिल्हा तेव्हा चांदा. रानडुकरांपासून धान राखायला गावोगावी ठासणीच्या बंदुका होत्या. पण कोणत्या घरात बंदूक आहे आणि कोणत्या घरात नाही, हे एकट्या भाऊंच्या रजिस्टरला ठाऊक. ते रजिस्टर बायकोच्या जुन्या लुगड्यात बांधलेलं असे आणि डबा खाताना भाऊ चक्क त्याच्यावर बसत. परवानेवाला आला की वरखाली दोन टीपकागद ठेवून त्याला त्याची तेवढीच ओळ दाखवत. मालगुजाराचा जावई एकदा शिकारीला आला आणि विचारू लागला, "इकडं चांगल्या बंदुका कोणाकडं हायेत?" भाऊ म्हणाले, "जंगलात वाघ हायेत जी. तेवढंच मले ठाऊक." घरी भाजी कसली केलीय, हेसुद्धा ते मला कधी सांगत नसत. मार्कंड्याच्या जत्रेला निघालेला हा माणूस वाटेत भेटला तर "असंच, जरा तिकडं" म्हणायचा. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

मग नवे साहेब आले. बिबट्या गावात शिरला तर बंदूक कोणाकडे मागायची हे लोकांना कळावं, म्हणून परवानेदारांची यादी बाजाराच्या दिवशी कचेरीच्या फळ्यावर लावा, असा त्यांनी हुकूम काढला. मी शाळामास्तर, अक्षर बरं, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मला तर हुकूम शहाणपणाचाच वाटला. पण साहेबांसमोर कधी मान वर न केलेल्या भाऊंनी साफ नकार लिहून दिला! मी थक्कच झालो. आठवड्यात त्यांची बदली झाली, थेट जिल्ह्याच्या टोकाला, सिरोंच्याला.

रजिस्टर सोपवायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला कचेरीत बोलावलं, दार लावलं आणि लुगडं सोडलं. दोन टीपकागदांच्या मधली एक ओळ दाखवली. पलीकडच्या गावच्या एका शेतकऱ्याचं नाव होतं, पुढे शेरा होता, "मयत. बंदूक सरकारजमा."

मी हादरलो. त्याची बायको तर रोज शाळेवरून बंदुकीची खोळ खांद्यावर टाकून आपल्या धानाच्या बांधीवर जायची!

"मंग खोळीत काय हाये, भाऊ?"

"मुसळ."

मी उठून दाराची कडी पुन्हा एकदा पाहिली.

"दिराची नजर हाये तिच्या बांधीवर," भाऊ म्हणाले. "बंदुकीले भेऊन तो दूर राह्यते. यादीत नाव नाई दिसलं का उद्याच नांगर घालते. यादी लिहिणारे तुमीच, मास्तर, म्हणून दाखवलं."

भाऊ गेले. मी यादी लिहिली आणि सरकारी कागदावर जन्मात पहिल्यांदा खोटं लिहिलं. त्या बाईचं नाव मी मधोमध, झोकदार अक्षरात घातलं. साहेबांनी न वाचता सही ठोकली. मी स्वतःवर खूश होतो.

दहाव्या दिवशी यादीतल्या एका शेतकऱ्याची बंदूक घर फोडून चोरीला गेली. चोरांनी घर शोधलं नव्हतं, फळ्यावर वाचलं होतं. त्या एकट्या बाईच्या घरचा पत्ता मीच चोरांना लिहून दिला होता! भर बाजारातून कचेरीकडे धावत जाऊन मी फळ्यावरची ती यादी टराटरा फाडली. चोरीनं साहेबही धास्तावले होते. "वाऱ्यानं फाटली असेल," एवढंच म्हणाले आणि दुसरी यादी लावली नाही.

महिन्याभरानं सिरोंच्याहून कार्ड आलं. खुशाली नाही, सही नाही, फक्त विचारलं होतं, "मुसळ बरं हाये ना?" मीही तेवढंच उत्तर पाठवलं, "बरं हाये." तीनेक वर्षं आमचा पत्रव्यवहार एवढाच चालला. नंतर एक कार्ड त्यांच्या बायकोचं आलं. भाऊ तापानं गेले होते. अंगात ताप असल्याचंही त्यांनी घरात सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी ती बाई शाळेवरून निघाली, तेव्हा मी तिला थांबवून भाऊ गेल्याचं सांगितलं. ती पायरीवर बसली. खांद्यावरची खोळ तिनं खाली ठेवली आणि फरशीवर लाकूड आपटल्याचा आवाज झाला. तिनं दचकून माझ्याकडे पाहिलं. मला भाऊ फार आठवले, डोळे भरून आले. मी इकडेतिकडे पाहिलं, खोळ उचलली आणि पुन्हा तिच्या खांद्यावर ठेवली.

"जपून न्या, बाई," मी मोठ्यानं म्हणालो. "भरलेली असन."