पाहुण्यांसाठी तापवलेली खोली

बेव्ह डकवर्थ एका जागी शांत बसलेली दिसली तर समजावं, तिला बरं नाही. चहासुद्धा ती उभ्यानेच पिते, खिडकीपाशी, बाहेर कोणी खोळंबलं असल्यासारखी. आधी ती शाळेत पोरांना जेवण वाढायची. शाळेने वाढपिणी कमी केल्या तेव्हा उत्तर इंग्लंडातल्या हॅगडेन गावच्या कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, एका संस्थेला हाताशी धरून नवी माणसं घेतली आणि त्यांत बेव्हची वर्णी लागली. काम सांगायला सोपं. ज्यांना घर तापवणं परवडत नाही त्यांच्याकडे जायचं, गार वारा कुठून शिरतो ते बघायचं, बॉयलर तपासायचा, गॅसच्या मीटरमध्ये आगाऊ पैसे भरलेत का ते विचारायचं आणि मदत मिळवून द्यायची.

करायला मात्र महाकठीण. इकडचा, लँकशायरचा म्हातारा गारठून निळा पडेल, पण ‘मला थंडी वाजते’ हे शब्द तोंडातून काढणार नाही. विचारलं की म्हणणार, ‘ठीक आहे आमचं.’ यांच्या या ‘ठीक आहे’पायी दर हिवाळ्यात दोन-चार जण नाहक जातात, आणि मग सगळा गाव स्मशानात उभा राहून म्हणतो, कधी तक्रार केली नाही हो बिचाऱ्याने! बेव्हला या बोलण्याची मनस्वी चीड होती. ती स्वतः याच गावची असल्यामुळे जरा जास्तच.

त्या मंगळवारी ती क्लिफर्ड हॅस्लमकडे गेली. क्लिफ ऐंशीच्या पुढचा, कापडगिरणीत माग दुरुस्त करण्यात जन्म गेलेला. त्याची बायको मार्जरी न्यूमोनियाने हॉस्पिटलात होती आणि शुक्रवारी घरी यायची होती. वॉर्डातल्या सिस्टरने कौन्सिलला कळवलं होतं की घर जरा बघून घ्या, थंड असेल तर बाईंची छाती पुन्हा भरेल. पुन्हा भरली तर काय, हे सिस्टर बोलली नव्हती. बेव्हला ते न बोलताच कळलं होतं.

तिने समोरचं दार वाजवलं. या गल्ल्यांत समोरचं दार डॉक्टरसाठी, पाद्रीबाबांसाठी आणि शेवटी शवपेटीसाठी. घरची माणसं, शेजारीपाजारी मागच्या बोळातून येतात, तेही दार न वाजवता. पण गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र असलं की माणसाने समोरूनच यावं, अशी रीत आहे.

क्लिफने टाय लावला होता. समोरची खोली इतकी उबदार, की बेव्हला आत शिरताच कोट काढावासा वाटला.

“बस की गं पोरी. उभी काय?”

“सवय आहे मिस्टर हॅस्लम. घर छान ठेवलंय तुम्ही.”

“ठेवणारच. माझी बाई यायचीय शुक्रवारी.”

बेव्हने हातातलं उष्णता मोजायचं यंत्र भिंतीला लावून बघितलं. आकडा फक्कड. बॉयलर? चालतोय. गॅस? पुरतोय. बाकीच्या खोल्या? “त्यापण अशाच,” क्लिफ म्हणाला आणि घाईघाईने आत जाऊन मनुकांचा पाव बटर लावून घेऊन आला. पाव फाटला होता आणि बटरचे खडे खडे त्यावर बसले होते. बेव्हने उभ्याउभ्या खाल्ला, आभार मानले, आणि ‘घर उबदार, मदत नको’ अशी नोंद करून निघाली.

पण दिवसभर तिला चैन पडेना. पुढच्या दोन घरांत ती काय बोलली तेही तिला आठवेना. घरी मांजराला दोनदा खायला घातलं. नवरा म्हणाला, “अगं, बूड टेक जरा,” तर त्याच्यावरच खेकसली. काहीतरी सलत होतं, आणि काय ते सापडत नव्हतं.

बुधवारी सकाळी तिने स्वतःच्या पावावर बटर लावलं. सुरी सुळकन फिरली. बेव्ह सुरी हातात धरून तशीच उभी राहिली, आणि पाव तिथेच टाकून ऑफिसला पळाली.

“नदीम, हॅस्लमची नोंद परत उघड.”

कौन्सिलच्या घरखात्यातला नदीम अजून मफलर सोडत होता. “का? तूच लिहिलंयस ना, घर उबदार म्हणून?”

“बटर कडक होतं.”

“काय?”

“अरे बटर! दगडासारखं. पाव फाडला त्याने.”

“फ्रीजमधलं असेल की.”

“त्या वयाची माणसं बटर फ्रीजमध्ये ठेवतात कधी? ओट्यावरच असतं ते, म्हणजे आतलं स्वयंपाकघर गारठलंय. तुझी आजी ठेवायची?”

“माझी आजी तूप खायची, बेव्ह.” नदीम हसला, पण तिचा चेहरा बघून त्याने मफलर बाजूला ठेवला. “हे बघ, मी अर्जात ‘बटर कडक’ असं लिहू का? माणूस स्वतः मदत नको म्हणालाय. तो जोवर हो म्हणत नाही, तोवर माझे हात बांधलेले आहेत.”

“म्हणेल तो हो,” बेव्ह म्हणाली. कसा, ते तिलाही माहीत नव्हतं.

या वेळी तिने ओळखपत्र काढून खिशात टाकलं आणि मागच्या बोळात शिरली. बोलावणं नाही, ठरलेली वेळ नाही. दाराची कडी उचलताना तिला चोरट्यासारखं वाटलं. दार ढकललं.

क्लिफ स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसला होता. अंगात कोट, डोक्याला टोपी, हातात मोजे. तोंडातून वाफ निघत होती. खिडकीच्या चौकटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते आणि भिंतीला ओल आली होती. ओट्यावर बटरची डबी उघडी.

तो ताडकन उठला. “मागच्या दाराने यायला तू माझी कोण लागतेस गं?”

“कोणी नाही.”

“मग हो बाहेर! काल बघितलंस ना सगळं? मिळालं ना तुला हवं ते?”

“काल तुम्ही पाहुण्यांची खोली दाखवलीत.”

“मग काय, पाहुण्याला कोळशाच्या खोलीत बसवू?” तो ओरडला, आणि त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर मात्र आवाज उतरला होता. “तू हॉस्पिटलची माणूस. घर थंड म्हणून लिहिलंस, तर माझ्या बाईला सोडायचे नाहीत ते. म्हाताऱ्यांच्या होममध्ये टाकतील. पलीकडच्या आयव्हीचं तसंच केलं. थोडे दिवस म्हणाले, आणि ती आलीच नाही परत. मी आठवडाभराचा गॅस कालच्या एका सकाळी जाळला, ठाऊक आहे?”

आत्ता बेव्हला उमगलं. हा माणूस परीक्षा द्यायला बसला होता, आणि तिने त्याला पास केलं होतं. तिचं तिलाच कसंसं झालं. मी हॉस्पिटलची नाही हो, मी मदत द्यायला आले होते, हे सांगायचं तिच्या ओठावर आलं. पण नुसतं तेवढं खरं नव्हतं. थंड म्हणून लिहिलं तर वॉर्डाला कळणार होतंच.

“सोडतील असं वचन मी देऊ शकत नाही,” ती म्हणाली.

“बघ!”

मग बेव्हने जन्मात केलं नव्हतं ते केलं. ती खुर्ची ओढून बसली. क्लिफ उभाच. दोघांच्या तोंडची वाफ मध्येच मिसळत होती. पायाची पोटरी उडत होती ती तिने हाताने दाबून धरली आणि बसून राहिली. हे तिला किती जड गेलं ते तिचं तिला माहीत.

“शुक्रवारी समोरची खोली तापवाल,” शेवटी ती म्हणाली. “आणि मार्जरी तिथे बसतील?”

क्लिफच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. “ती? समोरच्या खोलीत? आमची पोरगी गेली त्या दिवशी बसली असेल, नाहीतर नाही. तिचं सगळं इथे. ही खुर्ची तिचीच. तू बसलीयेस ती.”

बेव्ह उठली नाही. “म्हणजे त्या इथे बसणार. या खुर्चीत. या गारठ्यात, तुमच्यासारखी कोट घालून.”

क्लिफने भिंतीवर हात ठेवला. मोजा ओला झाला तो त्याने कोटाला पुसला.

“लिही,” तो म्हणाला. “पण ती आली नाही, तर तू या घरात पाऊल टाकायचं नाहीस. समोरूनही नाही आणि मागूनही नाही.”

तिथून पुढे बेव्हच्या पायाला भिंगरी लागली. नदीमने अर्ज हातोहात पुढे सरकवला. मीटरमध्ये गॅसचे पैसे भरले गेले. माणसं आली, त्यांनी बॉयलर उघडला, वारा अडवायला दाराला पट्ट्या ठोकल्या, क्लिफने काटकसरीपायी कधीकाळी बंद करून टाकलेले हीटर मोकळे केले. आणि गुरुवारी संध्याकाळी वॉर्डातून निरोप आला: घर थंड असल्याचं कळलं आहे, बाईंना शुक्रवारी सोडता येणार नाही, सोमवारी बघू.

बेव्हने स्वतः जाऊन सांगितलं. क्लिफ पाठ फिरवून बसला. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी तिने सिस्टरला इतके फोन केले की ती बाई नाव ऐकूनच सुस्कारा सोडू लागली. काम झालंय, या आणि हात लावून बघा. सोमवार कशाला, घर आत्ता गरम आहे. शेवटी दुपारी हॉस्पिटलकडून कोणी तरुणी येऊन स्वयंपाकघरात उभी राहिली, आणि तिने आपण होऊन कोट काढला.

शनिवारी बेव्हला सुट्टी होती. तरी ती बोळाच्या तोंडाशी येऊन थांबली, आत जायचा धीर होईना. ॲम्ब्युलन्स समोर लागली. माणसं मार्जरीची चाकांची खुर्ची समोरच्या दाराकडे वळवू लागली, तशी खुर्चीतून एक बारीक पण खणखणीत आवाज आला.

“समोरून? मी काय मेलेय? मागून न्या मेल्यांनो!”

मग सगळी वरात बोळातल्या दगडांवरून खडखडत मागे आली. क्लिफ दार धरून उभा होता, टाय नव्हता. त्याने बेव्हला बघितलं आणि मानेने आत ये म्हटलं.

मार्जरी स्वयंपाकघरात आली आणि थबकली. तिने हात वर करून हवा चाचपली. डबीतलं बटर मऊ होऊन एका बाजूला कललं होतं.

“अरे देवा,” ती हलक्या आवाजात म्हणाली आणि केस सारखे करू लागली. “क्लिफ, कोण येणार आहे?”

क्लिफने तिच्या कोटाची बटणं सोडायला घेतली.

“कोणी नाही गं,” तो म्हणाला. “कोणी येणार नाहीये.”