दाजींचा तंबू का गळला

ही गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नव्हती. गेल्या रविवारी एका माणसाला सांगितली, आणि त्या माणसाचा स्वभाव मला ठाऊक आहे — तो ती पुढे कोणाजवळ बोलणार नाही. म्हणजे चारचौघांत ती पहिल्यांदा निघतेय ती इथंच, तुमच्यासमोर. बायकोलाही अजून माहीत नाही. तिला छापून आल्यावर कळेल. हाही भित्रेपणाच, पण त्याचं नंतर बघू.

तसा मी स्वतःच्या फजित्या लपवणारा माणूस नाही. सांगलीत कोणाही ओळखीच्याला विचारा — भलत्याच लग्नाच्या मांडवात जेवून, आहेर करून, नवरानवरीबरोबर फोटो काढून आलेला मीच. स्कूटर चोरीला गेली म्हणून त्याच स्कूटरच्या सीटवर बसून कपाळाला हात लावलेला मीच. या गोष्टी मी भडंगाची पुडी फोडावी तशा फोडत असतो. पण आता वाटतं, माणूस या फजित्या एवढ्या मोठ्यानं का सांगतो? मधली एक सांगायची राहिलीय, हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून?

असो. तंबूकडे येतो.

तंबू माझा नव्हता, दाजींचा होता. दाजी म्हणजे माझे थोरले साडू. बायको दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. म्हसवडचे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. घरी आल्यावर माणसं दुकान टाकतात, गाडी घेतात. दाजींनी तंबू घेतला. सहा माणसांचा, हिरवा, आत एक कापड आणि वर दुसरं आवरण असा दुहेरी. सुट्टीत सगळ्या गोतावळ्याला कुठंतरी डोंगरात न्यायचं, आणि तंबू ठोकताना कोणी मध्ये हात घालायचा नाही, असा शिरस्ता. खुंट्या तिरक्या मारायच्या, भोवती बोटभर चर काढायचा, आणि शेवटी एकेक ताणाची दोरी बोटानं छेडून बघायची. टण् वाजली तर ठीक. नुसती थरथरली तर परत सोडून बांधायची. सतार लावावी तसं चालायचं ते.

आमच्या ऑफिसातल्या मंडळींना कोयनेच्या पाण्याकाठी मुक्कामाला जायचं होतं, म्हणून मी तो मागितला. दाजींनी लगेच दिला. देताना मला अंगणात उभं करून सगळं समजावलं. साबण नको, ब्रश नको, सावलीत वाळवा. आणि निघताना म्हणाले, "आवं पाव्हणं, येक ध्यानात ठिवा. वला गुंडाळला तर त्यो तुमाला तवा काय बोलणार न्हाई. येळ आली की दावील."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

थंडीचे दिवस होते. पाण्याकाठचं दव — सकाळी तंबू पिळला तर बादली भरली असती. मंडळींना मिसळ खायची घाई. मी तो ओलाच गुंडाळला, गाडीच्या डिकीत कोंबला आणि स्वतःला सांगितलं की घरी गेल्यावर गच्चीवर पसरू. पसरला का? तुम्ही मला आता एवढं ओळखता. ऊन तापायला लागलं तेव्हा एक दिवस बायकोनं विचारलं, "गाडीत काय मेलंय का?" उघडून बघितलं तर हिरव्या कापडावर काळे ठिपके, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आता इथं शहाण्या माणसानं दाजींना फोन केला असता. मी सुकुमारला केला. सुकुमार माझा वर्गमित्र, तासगावच्या बाजूला त्याचं बेदाण्याचं शेड आहे. जाळ्यांच्या मजल्यांवर द्राक्षं सुकत पडलेली असतात, वारा आरपार, वर पत्र्याची सावली. दाजी म्हणालेच होते ना, सावलीत वाळवा? मी तंबू तिथं नेऊन टांगला. सुकुमार ते ठिपके बघून म्हणाला, "गड्या, आमचा माल काळा पडू ने म्हणून आमी काय करतो? गंधकाची धुरी. बेदाणा सोन्यासारखा हुतोय. तंबूनं काय घोडं मारलंय?"

मला ते पटलं. एका पदवीधर माणसाला ते पटलं. आम्ही दोघांनी तो तंबू बेदाण्याबरोबर प्लास्टिकच्या खोलीत बंद केला, गंधक पेटवला आणि बाहेर बसून उसाचा रस प्यायलो. ठिपके फिके झाले, हे कबूल करायला हवं. सुकुमारनं वर पाव किलो बेदाणेही बांधून दिले.

इथपर्यंतची चूक म्हणून सोडून द्या. चुकांचं मला काही वाटत नाही, मी त्या लिहून पोट भरू शकेन. पुढचं चूक नाही — पुढचं वेगळं आहे.

परत करण्याआधी घरी घडी घालायला घेतला, तर वरच्या आवरणाला आतून जो पाणी न लागू देणारा थर असतो, तो हाताला चिकटला. मग सुटायला लागला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा. फरशीवर पांढऱ्या कपच्यांचा सडा. मी ग्लासभर पाणी ओतून बघितलं. खाली माझा पाय ओला झाला.

म्हणजे मला माहीत होतं.

मी कपच्या झाडून काढल्या. तंबूची घडी घातली — आयुष्यात कधी घातली नाही इतकी नीट — आणि म्हसवडला नेऊन दिला. दाजींनी विचारलं, "झ्याक वाळवला न्हवं?" मी म्हणालो, "एकदम." आणि वर बेदाण्याची पुडी हातात ठेवली.

का? ओरडा बसेल म्हणून? दाजी मला कधी ओरडले नसते. मग काय होतं — हे लिहिताना पेन अडतंय, पण आता अडून काय उपयोग. आष्ट्याला आमची सासुरवाडी. तिथं मी बल्ब बदलायला स्टुलावर चढलो तरी सासरे खालून म्हणणार, "उतरा पाव्हणं. सुभेदार येतील सांजच्याला, बगतील ते." बल्ब, मोटार, म्हशीचं दावं, सगळं सुभेदार बघणार. मी हसून उतरायचो आणि त्यावर एक विनोद करायचो. तंबू हातात देताना माझ्या मनात आलं होतं की एकदा यांचंही काहीतरी गळू दे की. थोडंसं आलं होतं, असं लिहिणार होतो. थोडंसं नव्हतं.

त्या मे महिन्यात चांदोलीच्या बाजूला एका माळावर सगळे गेलो. दाजींनी तंबू ठोकला, चर काढला, दोऱ्या वाजवल्या. प्रत्येक दोरी टण्. संध्याकाळी वळीव आला आणि सगळे आत शिरलो. सासरे मधोमध मांडी घालून, पाटलासारखे. पहिला थेंब पडला तो त्यांच्या टकलावर. मग माझ्या मेव्हणीच्या भाकरीवर. मग मोजायची सोयच राहिली नाही.

सासरे म्हणाले, "सुभेदार, पलटण बी अशीच भिजवत हुता व्हय?"

सगळे हसले. आणि मी — मला गप्प बसता आलं असतं. गप्प बसणं हेही पापच होतं, पण जरा लहान. मी म्हणालो, "माणूस निवृत्त झाला की त्याच्या गाठीही पेन्शनीत निघतात."

हशा असा झाला की पाऊस ऐकू येईना. त्या घरात माझ्या वाक्याला एवढं हसणं कधीच मिळालं नव्हतं. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

दाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते बाहेर गेले. विजा चमकत होत्या आणि हा माणूस वळवात वाकून एकेक खुंटी हलवून बघतोय, दोरी सोडतोय, परत बांधतोय. निथळत आत आले आणि म्हणाले, "वरचं कापड आतल्याला टेकलं आसंल. ताण कमी पडला. माजंच चुकलं."

मी टॉवेल दिला. एवढंच दिलं.

पुढची पाच-सहा वर्षं काय झालं ते ऐका. तंबू माळ्यावर गेला. माझा विनोद आष्ट्यात मुरला — कुठंही काही गळालं, नळ म्हणा, छप्पर म्हणा, की "सुभेदारानं बांधलंय का?" म्हसवडच्या यात्रेत त्यांच्या भावकीचा मांडव दाजींच्या देखरेखीखाली उभा राहायचा; आता दाजीच म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. स्टुलावर आता मला चढू देतात. आणि मी चढतो, बल्ब फिरवतो, आणि खाली बघत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर गडावर मुक्कामाला जायचं होतं. तिनं दाजींना फोन केला, मला तंबू ठोकायला शिकवा म्हणून. फोन स्पीकरवर होता. दाजी म्हणाले, "मला न्हाई जमत आता, बाळ. माजी नजर ऱ्हाईली न्हाई त्यात. तुज्या बापाला इचार."

तुज्या बापाला.

रविवारी एकटाच म्हसवडला गेलो. ओट्यावर बसून सगळं सांगितलं. ओलं गुंडाळणं, धुरी, कपच्या, ग्लासभर पाणी, माझा ओला पाय. मनात काय आलं होतं, तेही. मध्ये एकही विनोद केला नाही. तुम्हाला वाटेल त्यात काय — पण माझ्यासाठी ते उपवास धरल्यासारखं होतं.

दाजींनी एवढंच विचारलं, "गंधक?"

"गंधक."

ते उठले, माळ्यावरून तंबू काढला आणि अंगणात पसरला. मी खुंट्या द्यायच्या, त्यांनी मारायच्या. हात सुरुवातीला अडखळले. एक गाठ सोडून परत बांधली. मग हातांना आठवलं असावं. शेवटी दोऱ्या वाजवत एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "बसा आत."

मी बसलो. त्यांनी बाहेरून चेन लावली. म्हसवडला पाण्याची काय किंमत असते ते त्या भागातल्या माणसाला विचारा. तिथं दाजींनी भरलेली बादली त्या तंबूवर उपडी केली.

"गळतंय का, पाव्हणं?"

"गळतंय, दाजी."

"आतलं कापड टेकलंय का कुटं? हात लावून बगा."

मी चाचपलं. वरचं आवरण आणि आतलं कापड यांत चांगलं वितभर अंतर होतं, चारी बाजूंनी. "कुठंच नाही."

दुसरी बादली पडली. माझ्या मानेतून पाठीवर, पाठीवरून खाली. मी भिजत बसलो होतो आणि मला हलकं वाटत होतं — किती वर्षांनी, काय सांगू. बाहेर त्यांची परत फेरी सुरू झाली. टण्. टण्. एकेका दोरीजवळ ते जरा जास्तच थांबत होते.

त्यांनी मला माफ केलं का, ठाऊक नाही. मी विचारलं नाही. तंबू आता कशाच्याही कामाचा नाही, तरी वाळेपर्यंत मला थांबवून घेतलं, आणि मग घडी माझ्याकडून घालून घेतली. पहिली मोडली, दुसरीही मोडली. तिसरी चालली. मुलीला पुढच्या रविवारी पाठवून द्या म्हणाले.

राहिलं आष्टं. तिथं हे वाचतील. दाजींची दोरी ढिली नव्हती. गाठ सुटली नव्हती. कापड टेकलं नव्हतं. तंबू मी खराब केला होता, आणि तो गळणार हे मला माहीत होतं.